विटेच्या रंगाची चिमणी

परीक्षा नातीची आहे आणि शिक्षा मला होते आहे. इथे ‘शिक्षा’ हा शब्द मराठीतला घ्यायचा. ग्वाल्हेरला हे आधी सांगून ठेवावं लागतं. आमच्या शाळेच्या फाटकावर हिंदीत ‘शिक्षा का मंदिर’ असं लिहिलेलं होतं. घरी मराठी बोलणारी आम्ही मुलं ते वाचून आत जाताना घाबरायचो, आणि आतले मास्तर आमचाच अर्थ खरा करून दाखवायचे. एकाच लिपीतल्या दोन भाषांमध्ये जन्म काढला की माणूस कायम थोडा फसत राहतो. मला तर एका शब्दाने असं फसवलं आहे, की इतकी वर्षं झाली तरी मार्च आला की ते डोक्यात जातं.

यंदाचा मार्च सुनेने सुरू केला. नात सहावीत आहे, म्हणून सूनबाईने घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला आणि कोणालाच सांगितला नाही.

‘‘पप्पा, बंद म्हणजे सगळ्यांना बंद. तुम्ही लावलंत की ती येऊन बसते.’’

मी म्हटलं, संध्याकाळी अर्धा तास तरी दे. नाही. पंधरा मिनिटं? नाही. बरं, तूच सांग किती. ती हसून आत निघून गेली. आयुष्यभर मी भल्याभल्यांना भावात खाली उतरवलं, पण जी स्वतः काही मागतच नाही, तिला कशावरून खाली उतरवणार?

बाहेर कडुनिंबाची पानगळ चालू आहे. सकाळी झाडलेलं अंगण दहा वाजेपर्यंत पुन्हा पिवळं. थंडीत तिळाची गजक विकणाऱ्या दुकानांवरची गर्दी ओसरली आहे, उन्हाळ्याची झळ, लू, अजून यायची आहे. मधल्या या तीन-चार आठवड्यांत शहर कसल्या तरी दबलेल्या आवाजात बोलतं. गल्लीगल्लीतून मुलं पुटपुटत पाठ करत असतात, आया दारात उभ्या राहून एकमेकींना ‘पेपर कैसा गया’ विचारत असतात, आणि गच्च्यांवरून कूलर खाली उतरत असतात. शिंदे की छावनीत माझं कूलरचं दुकान आहे. हे महिने माझ्या धंद्याचे. मागच्या वर्षीची घास, म्हणजे लाकडाचा बारीक कीस, बाजूंच्या जाळ्यांतून ओढून काढली की आधी धूळ उडते, मग एक कुजका ओला वास येतो, आणि मग नवी घास भरली की सुतारकामासारखा स्वच्छ वास. तो नवा वास आला की मला छपरं आठवतात.

कारण कूलरच्या आधी मी केबलवाला होतो. खिशात पक्कड, खांद्यावर काळ्या तारेचं वेटोळं. लष्करातल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या या भागातल्या, गच्च्या जेवढ्या मी तुडवल्या असतील तेवढ्या फक्त माकडांनी तुडवल्या असतील. आमची जुनी दुश्मनी. मी तार ओढायचो, ती तोडायची. आमचे पूर्वज दख्खनहून तलवारी घेऊन इथे आले, आणि मी पक्कड घेऊन माकडांशी लढलो. पण धंदा माझा होता. कोणी हातात ठेवलेला नव्हता.

आणि या धंद्याचा वैरी होता मार्च. फेब्रुवारी संपता संपता गच्चीखालून हाका सुरू व्हायच्या. ‘‘भैया, दो महीने के लिए काट दो, बच्चों की परीक्षा है.’’ आदल्या आठवड्यात जोडलेली तार माझ्याच हाताने कापायची. कापताना खालून पोरांचं रडणं ऐकू यायचं आणि आई समाधानाने वर बघत असायची. मे महिन्यात पुन्हा जोडायला गेलं, तर निम्मे लोक म्हणायचे, आता राहू दे, सवय सुटली.

माझा भागीदार होता मुकुंद. खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातला, दरबारी कारकुनांच्या घराण्यातला. त्याचं मराठी ऐकलं की वाटायचं माणूस इस्त्री करून बोलतो. कंट्रोल रूम म्हणजे त्याच्या घरातली मागची खोली होती. मी उन्हात, तो पंख्याखाली. ग्राहक मी आणायचो, त्यांच्याशी गोड तो बोलायचा. मी बोललो की भांडण व्हायचं, हे मात्र खरं आहे.

अशाच एका मार्चमध्ये, दिवसभर तारा कापून, मी घरी येऊन ताटावर बसलो आणि चिडून म्हणालो, ‘‘या आयांना पोरांचं टीव्ही बघणं नको नसतं. त्यांना ते कधी संपणार, हे माहीत नसतं.’’

रेखा, म्हणजे माझी बायको, तेव्हा शाळेत शिकवायची. पोळी वाढता वाढता ती म्हणाली, ‘‘मग संपणारं काहीतरी काढा ना.’’

एवढंच. त्या एका वाक्यातून लष्करातलं पहिलं मुलांचं कार्टून चॅनल निघालं. संध्याकाळी पाच ते सहा. सहाला बंद म्हणजे बंद, शाळेच्या घंटेसारखं. मी दिल्लीच्या एका वितरकाकडून कार्टूनच्या जुन्या कॅसेटी रीतसर परवानगीच्या कागदासकट मिळवल्या. मुद्दाम न बोलणारी कार्टून घेतली. नुसती पळापळ, पडापड, वाजंत्री. बोलणारी महाग होती, आणि शिवाय न बोलणाऱ्याशी भाषेचं भांडण होत नाही. मी स्वतःला फार हुशार समजत होतो. भाषेचं भांडण कुठून येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

नाव रेखाने दिलं. चिमणी. आमच्या घरांतून मुलं एक खेळ खेळतात. सगळ्यांनी जमिनीवर बोट टेकवायचं. एकाने म्हणायचं, चिमणी उड! की बोटं वर. कावळा उड! वर. म्हैस उड! जो बोट उचलेल तो बाद. रेखा म्हणाली, पाच वाजता पडद्यावर पाटी यायची, ‘चिमणी आली’. सहा वाजता, ‘चिमणी उडाली’. उडाली म्हणजे उठायचं. मुलांना सांगावं लागणार नाही. मग तिने शाळेच्या एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चिमणी काढली. गुबगुबीत, मान तिरकी केलेली, आणि पंखाखाली परीक्षेचं पॅड धरलेली, पेपरला निघालेल्या पोरासारखी. मी पाहिलं आणि म्हटलं, हिचे स्टिकर छापू. मुलं परीक्षेच्या पॅडवर चिकटवतील. फुकटची जाहिरात शाळाशाळांतून फिरेल.

मुकुंदला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बरं आहे. तू बघून घे.’’ चॅनलच्या जन्मात त्याचा वाटा एवढा.

आता पुढचं. नया बाज़ारात लच्छू पेंटर होता. पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, लग्नाच्या मांडवावरची अक्षरं, सगळं तोच करायचा. स्टिकरचं चित्र आणि पडद्यावर दाखवायची मोठी पाटी, दोन्ही कामं त्याच्याकडे दिली. चार दिवसांनी त्याने कापड बाजूला केलं आणि मी बघतच राहिलो. पाटीवर गिरणीचं धुराडं उभं होतं. विटांचं, उंच, वर धुराचा लोट. आणि मधोमध दोन गोल डोळे आणि हसरं तोंड.

‘‘ये क्या है?’’

‘‘चिमनी है साब. आपने चिमनी बोला, हमने चिमनी बना दी. आँखें अपनी तरफ़ से डाली हैं, बच्चों का मामला है ना. उनका अलग से कुछ नहीं लूँगा.’’

लच्छूचा बाप गिरणीत होता. चिमणी म्हटल्यावर त्याला दुसरं काय दिसणार? मराठीतही धुराड्याला चिमणी म्हणतात, नाही असं नाही. पण पोरासाठी चिमणी म्हटलं की मराठी घरात दाणे टिपणारीच येते. मी भर बाजारात त्याच्यावर ओरडलो. गाढव म्हणालो, अक्कल काढली, बाजूचे दुकानदार बाहेर आले. तो ब्रश पुसत नुसता म्हणत राहिला, ‘‘साब, चिड़िया बोलते तो चिड़िया बनाते.’’ लच्छूने स्टिकरही परस्पर छापून आणले होते. रिक्षात पुठ्ठ्याची खोकी घालून ते मुकुंदच्या घरी आणले तेव्हा मी ते पेटवून द्यायच्याच विचारात होतो.

मुकुंदने एक स्टिकर उचलला. बघितलं. हसायला लागला तो थांबेचना. मग डोळे पुसून म्हणाला, ‘‘राहू दे रे. हेच राहू दे.’’

आणि ते चाललं. काय चाललं म्हणून सांगू! धुराडं उडवायचं कसं हा प्रश्न होता. निळी चादर भिंतीला लावली, पुठ्ठ्याचं धुराडं कापलं, त्याच्या तोंडात कापसाचा धूर कोंबला आणि दोरीने वर ओढायला रेखाला माळ्यावर चढवलं. तिने हिसका दिला तसा कापूस निसटून खाली लोंबला आणि धुराडं वर गेलं, थेट अग्निबाणासारखं. दुसऱ्यांदा तसं जमलं नसतं. तेच कॅमेऱ्यात धरलं होतं, तेच रोज सहाला दाखवलं. सहा वाजून एक मिनिटाने सगळ्या छावनीत दारं उघडायची आणि ओरडा व्हायचा, ‘‘चिमणी उडाली!’’ हिंदी घरांतली पोरंसुद्धा मराठीत ओरडायची. आयांना घड्याळ बघावं लागत नसे. पुढच्या मार्चमध्ये मला गच्चीखालून हाका आल्या त्या तार कापण्यासाठी नव्हे, माकडांनी तोडलेली जोडण्यासाठी. परीक्षेला निघालेल्या पोरांच्या रांगा दिसायच्या, काखेत पॅड, आणि पॅडवर हसणारं धुराडं. मला प्रत्येक पॅड बघून चीड यायची. धंदा वाढत होता आणि मी चिडत होतो. असं सुख शत्रूलाही मिळू नये.

पुढे मोठ्या कंपन्या आल्या, पडद्यावर रात्रंदिवस न संपणारी कार्टून आली, आमचा एक तास कोणाला पुरेना. मुकुंदशी रोज खटके उडत होते. मी माझा हिस्सा त्यालाच विकला आणि कूलरकडे वळलो. सौदा माझ्या मनासारखा झाला होता. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती गेल्या महिन्यातल्या व्हिडिओबद्दल. पासवर्ड बदलायच्या आधीचा. चिमणी पुन्हा येते आहे, आता मोबाईलवर, तेच धुराडं, तेच डोळे. आणि मुकुंद, पांढरे केस मागे वळवून, किल्ल्याकडे पाठ करून इस्त्रीच्या आवाजात सांगतो आहे: ‘‘आम्ही विचार केला, मुलांना काय द्यायचं? तर आपल्या शहराची ओळख द्यायची. श्रमाची ओळख. गिरणीची चिमणी.’’

विचार केला! कोणी? पंख्याखाली? मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला आणि सातही वेळा रेखाने आतून विचारलं, ‘‘अहो, कोणावर ओरडताय?’’

म्हणून परवा दुपारी मुकुंदची मुलगी ईशा कागद घेऊन आली, तेव्हा मी तयारच होतो. हे नवं चॅनल तीच काढते आहे. पोरगी लहान असताना कंट्रोल रूममध्ये कॅसेटींच्या डब्यांवर बसून आमचं चॅनल बघायची. आली, वाकून नमस्कार केला, रेखाने दिलेलं पन्हं प्यायली आणि फाईल उघडली.

‘‘काका, एक साइन पाहिजे होती तुमची. म्हणजे नाव आणि लोगो पप्पांची कल्पना होती, त्यावर आपको कोई आपत्ति नहीं है, बस इतना सा.’’

‘‘आपत्ति आहे,’’ मी म्हटलं. ‘‘हिंदीतली पण आहे आणि मराठीतली पण.’’

ती हसली. मी हसलो नाही. सगळं बाहेर काढलं. छपरं, पंखा, ‘तू बघून घे’. मुकुंदने एक रेघ ओढली नाही, एक अक्षर सुचवलं नाही. मला वाटलं होतं ती वाद घालेल, बापाची बाजू घेईल, मग मी चढा आवाज लावीन आणि शेवटी कुठेतरी मध्ये येऊन थांबू. माझी सगळी तयारी त्या रस्त्याची होती.

ती म्हणाली, ‘‘बरोबर आहे काका. मला पण पप्पांची ती स्टोरी थोडी फिल्मी वाटलेली. मी होस्टेलला होते ना भोपाळला, तिथे मुली चिड़िया उड़ खेळत होत्या. माझी टर्न आली, मी म्हटलं, चिमणी उड! आणि स्वतःच बोट वर केलं. सगळ्या म्हणाल्या, पागल, चिमनी कभी उड़ती है क्या? मैं बोली, हमारे यहाँ तो रोज़ छह बजे उड़ती थी.’’ मग तिने पेन उघडलं. ‘‘तर तुम्ही सांगा. जसं झालं तसं. मी तेच लिहिते, तेच छापू. धुराडं कसं आलं?’’

रेखा समोरच्या खुर्चीवर मटार सोलत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत.

इथपर्यंत मी तुम्हाला तेच सांगितलं जे मी सगळ्यांना सांगत आलो. लच्छूने घोळ घातला, मुकुंदने श्रेय लाटलं. दोन्ही खरंच आहे. पण त्यात एक दुपार गाळलेली आहे.

त्या दुपारी मी रेखाचं चित्र शर्टाच्या खिशात घालून लच्छूकडे गेलो होतो. लच्छू रंगांप्रमाणे भाव लावायचा. तो म्हणाला, तीन रंग लागतील. मी म्हटलं, दोन. तासभर आम्ही त्यावर भांडलो. त्याला पटवायला मी चिमणीचे रंग सांगत होतो, माझ्या त्या हिंदीत, ज्यात अर्धे शब्द मराठी असतात आणि मला कळत नाही कोणते. ‘‘चिमणी में रंग होते ही कितने हैं? एक धुएँ जैसा, एक ईंट जैसा. बस. घर की छत पर रहती है, सबने देखी है.’’ लच्छूने एकदा विचारलं होतं, ‘‘साब, चिमनी ही ना?’’ आणि मी, दोन रंगांवर सौदा पटतोय या आनंदात, ‘‘हाँ हाँ, चिमणी!’’ म्हणून निघालो. चित्र खिशातच राहिलं. जिंकलो होतो ना. जिंकल्यावर मला खिसा आठवत नाही.

रेखाने नंतर एकदाच विचारलं होतं, ‘‘माझं चित्र दाखवलंत ना त्याला?’’ मी म्हणालो, दाखवलं, त्या गाढवाने पाहिलंच नाही. लच्छू आता नाही. नया बाज़ारात त्याला जे बोललो ते परत घ्यायला मी कधी गेलो नाही.

ईशाचं पेन कागदावर टेकलेलं होतं. श्रेय मला हवं असेल तर त्याच्याबरोबर हे सगळं येत होतं, एकाच गठ्ठ्यात, त्यातलं काही कमी करून मिळणार नव्हतं. मी कूलरकडे बघत सांगितलं. विटेचा रंग, धुराचा रंग, छप्पर, खिसा. सांगून झालं तेव्हा रेखाने पुढची शेंग फोडली.

‘‘मला माहीत होतं,’’ रेखा म्हणाली.

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘तो शर्ट कोणी धुतला असेल, असं वाटतं तुम्हाला?’’

 म्हणजे माळ्यावर चढून ही बाई दोरी ओढत होती, तेव्हाही तिला माहीत होतं.

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही बोलू दिलंत कधी? रोज लच्छूला शिव्या, मग मुकुंदभावजींना शिव्या. मध्ये माझा नंबर कुठे होता?’’ मग ईशाकडे वळून म्हणाली, ‘‘पण खरं सांगू का ईशा, माझी चिमणी काही उडाली नसती. मानच वाकडी झाली होती तिची. धुराडंच बरं.’’

ईशा इतकी हसली की तिच्या बापाची आठवण झाली. तसंच हसणं, न थांबणारं. आणि मला ते स्टिकरचं खोकं आठवलं, हातातली काडेपेटी आठवली. मी ते जाळणार होतो. ‘राहू दे रे’ असं एक माणूस म्हणाला नसता, तर छावनीतली कुठलीच चिमणी कधीच उडाली नसती. हे कबूल करताना माझ्या पोटात दुखतं, पण ते तसं आहे.

ईशाने जुना कागद फाडला आणि नव्यावर लिहायला लागली. ‘‘नाव, रेखाकाकू. चित्र, लच्छू पेंटर. त्यांच्या घरचं कोणी असेल तर मी शोधते, उनको भी बताना चाहिए. पप्पांचं काय लिहू?’’

‘‘‘राहू दे’ म्हणाला, असं लिही. तेवढंच. जास्त एक अक्षर नाही.’’

‘‘ओके. और आप, काका? तुमचं?’’

मी विचार केला. संकल्पना म्हणावं, तर ती रेखाच्या एका वाक्याची. कॅसेटी, तारा, गच्च्या, त्या सगळ्यांच्या असतात. माझं एकट्याचं, दुसऱ्या कोणाचंच नाही, असं त्या चॅनलमध्ये एकच होतं.

‘‘चूक,’’ मी म्हटलं. ‘‘चूक, आणि पुढे माझं नाव.’’

रेखाने मटारचं भांडं खाली ठेवलं. ईशाने माझ्याकडे बघितलं, मग तसंच लिहिलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावला. रेखाचं नाव वर, ठळक. खाली लच्छू, त्याखाली मुकुंद. आणि तळाला, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात मी.

‘‘हे एवढंसं?’’ मी म्हटलं. ‘‘एवढी मोठी चूक, आणि एवढुसं अक्षर?’’

‘‘काका, नीचे जगह ही इतनी थी.’’

‘‘मग कागद मोठा आण.’’

कागद अजून टेबलावर आहे, नातीच्या परीक्षेच्या पॅडखाली दाबून ठेवलेला. ईशा रोज फोन करते. अक्षरं सगळ्यांची एका मापाची पाहिजेत, या मुद्द्यावर मी अजून सही केलेली नाही. रेखा म्हणते, करून टाका. मी करणार आहेच. पण पहिल्या बोलीला हो म्हणण्याची सवय मला नाही.